ॲलॉय व्हीलवर क्लिअरखाली पांढरे धागे: घरी पॉलिश करावं की रंगवून टाकावं?

मिऱ्याबंदर

गाडी रत्नागिरीत असते, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, आणि उभी उघड्यावरच. चाकं १५ इंची, पाच स्पोकची, कंपनीतूनच आलेली. खाचांमध्ये काळा रंग, समोरचा भाग डायमंड कट (लेथवर कापून चकचकीत केलेला धातू). चारही चाकांवर क्लिअरच्या (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) खाली पांढरे नागमोडी धागे पसरलेत. कडेपासून सुरू होतात आणि आत सरकत जातात. नख लावलं की क्लिअरचा पापुद्रा निघतो, खाली धातू पांढुरका, भुरभुरीत. डाव्या बाजूच्या दोन चाकांची कड फुटपाथला घासली आहे, सगळ्यात खोल ओरखडा अर्ध्या मिमीच्या आसपास. चाकं वाकलेली नाहीत, हवाही उतरत नाही.

सगळं क्लिअर काढून घरीच आरशासारखं पॉलिश करायचा विचार आहे. कितव्या नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करायची? पॉलिशवर परत क्लिअर मारायचं की नाही? टायर उतरवावेच लागतात का? हाताशी स्पीड कमी-जास्त होणारं ड्रिल आहे आणि साधं ४ इंची ग्राइंडर. व्हिडिओंमध्ये तिघं तीन तऱ्हा सांगतात, म्हणून इथे विचारतोय.

कानस_आणि_खडू

वर्णनावरून हे फिलिफॉर्म, म्हणजे धाग्यांसारखं पसरणारं गंजणं आहे. क्लिअरला कुठेतरी बारीक खरचटतं किंवा कडेला थर मुळातच पातळ असतो. तिथून मीठ आणि ओलावा आत शिरतो. धाग्याच्या टोकाशी क्लोराइडमुळे आम्ल तयार होतं, ते धातू खात पुढे सरकतं आणि मागे पांढरी ॲल्युमिनियमची भुकटी सोडत जातं. डायमंड कटला हा त्रास जास्त, कारण लेथवर कापल्यावर काळ्या रंगाच्या आणि उघड्या धातूच्या सीमेवर धारदार कड उरते आणि धारेवर क्लिअर टिकून राहत नाही, ओघळून पातळ होतं. वरून पॉलिश चोळून हे जाणार नाही. दिसणाऱ्या धाग्याच्या पुढेही क्लिअर आतून सुटलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यापुरतं खरवडून डागडुजी करू नका. समोरचं सगळं क्लिअर उतरवायचं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: आपल्या चाकावर क्लिअर आहे की उघडा धातू, हे आधी बघून घ्या. पांढऱ्या फडक्यावर थोडी मेटल पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळा. फडकं लगेच काळं पडलं तर उघडं ॲल्युमिनियम. पांढरंच राहिलं तर वर क्लिअर आहे, नाहीतर चाक क्रोमचं किंवा ॲनोडाइज केलेलं (धातूवर ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं) आहे. क्रोमवर पेपर मारायचा नाही. ॲनोडाइजचा थर धातूपेक्षा कितीतरी कडक असतो.

टायर उतरवा. पेंट रिमूव्हर रबराला लागला की रबर खराब होतं आणि रिमची खरी गंजलेली कड टायरच्या ओठाखालीच लपलेली असते. टायरवाल्याकडे एक-एक चाक न्या, तोवर गाडी स्टेपनीवर उभी राहील. उतरवण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूने खूण करा. बॅलन्सिंग नंतर नव्याने करावंच लागतं, पण टायर त्याच जागी बसला तर वजनं कमी लागतात.

रिमूव्हर जेलवाला घ्या. ब्रशने जाड थर द्या, घासत बसू नका. वर प्लास्टिकचा कागद झाकून २०-३० मिनिटं ठेवा. क्लिअर सुरकुतून उठलं की प्लास्टिकच्या पट्टीने ओढा. जिथे चिकटून राहील तिथे दुसरा हात. खाली पावडर कोटिंग असेल तर तीन-चार हातही लागतात. मेथिलीन क्लोराइडवाला रिमूव्हर असेल तर साधे नायट्राइलचे मोजे काही मिनिटांतच निकामी होतात, आणि त्याची वाफ श्वासातून गेली की शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनतो. अंगणात, वाऱ्याच्या बाजूने उभं राहून काम करा. बंद गॅरेज किंवा जिन्याखाली अजिबात नको.

कॉस्टिक सोडा वापरायचा मोह होईल, स्वस्त आहे. नका वापरू. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं, हायड्रोजन सुटतो आणि चाक काळंठिक्कर पडतं. ओतीव चाकाच्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, ते सोड्यात विरघळत नाही आणि काजळीसारखं वर उरतं. चिंच-लिंबू पितळेच्या समईला ठीक, इथे आम्लाने चकाकी उलट मरते.

आता कडेचे ओरखडे. ओरखड्याच्या काठाला धातू वर उचलला गेलेला असतो, तो आधी अर्धगोल कानशीने उतरवा. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं आणि भरलेला तोच कण पुढच्या फटक्याला नवा ओरखडा पाडतो. म्हणून कानशीवर आधी पांढरा खडू चांगला घासून घ्या आणि मधूनमधून तारेच्या ब्रशने दात साफ करा. मग १२० नंबर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना ७-८ सेंमीपर्यंत उतार द्या. फक्त ओरखड्यावरच घासलंत तर तिथे खळगा होतो आणि पॉलिश झाल्यावर तो जास्तच डोळ्यांत भरतो. अर्धा मिमी असा सहज निघेल. एक मिमीच्या पुढे गेलेला ओरखडा पेपरने काढायचा हट्ट धरू नका, तिथे कड पातळ होते.

चाकाच्या तोंडावर सुरुवात ३२० ने. लेथच्या गोल रेषा पूर्ण जाईपर्यंत ३२० सोडायचा नाही, वेळ सगळा इथेच जातो. मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. सगळं ओल्याने, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून. दर नंबरला घासण्याची दिशा बदला: ४०० आडवा तर ६०० उभा. आधीच्या रेषा पूर्ण पुसल्या गेल्या का, हे त्यामुळेच कळतं. एकाच दिशेने घासत राहिलात तर ४०० च्या रेषा १५०० खाली दडून बसतात आणि बफिंगला (फिरत्या कापडी चकतीने, म्हणजे बफने, घासताना) चमक आली की अचानक वर येतात. मग पुन्हा ४०० पासून. नंबर बदलताना बादलीतलं पाणी फेकून द्या आणि चाक धुवा, जुना एक खडा पेपरखाली राहिला तरी पुरतो.

पॉलिशवर क्लिअर मारावं का, यावर मी नाही म्हणेन. आरशासारख्या गुळगुळीत धातूला क्लिअर धरत नाही, त्याला धरायला बारीक खडबडीतपणा हवा. आणि खडबडीत केलंत तर आरसा कुठे राहिला?

थिनरवाला

वरचं सगळं बरोबर, पण रत्नागिरीत आणि तेही समुद्राजवळ, उघडं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम मी सुचवणार नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांनी हात फिरवला तरी भागतं. किनाऱ्यावर दर तीन-चार आठवड्यांनी पॉलिश लावायची तयारी असेल तरच हा नाद करा. पावसाळ्यात चार महिने हात लावला नाही तर टिपके पडतात, आणि ते पॉलिशने जात नाहीत, पुन्हा ८०० पासून यावं लागतं.

माझ्या मते डायमंड कटचा मोह सोडा आणि सगळं चाक चंदेरी किंवा ग्रे रंगवा. यात पेपर २००० पर्यंत न्यायची गरजच नाही, ३२० वर थांबा. प्रायमरला पकडायला तेवढंच हवं असतं. अर्धं काम वाचलं.

क्रम असा. क्लिअर आणि सुटा रंग काढल्यावर धाग्यांच्या जागी पांढरी भुकटी राहिलेली असते. ती १२० ने घासून चकचकीत धातू लागेपर्यंत काढा. बोटाला पांढरं लागत असेल तोवर काम झालेलं नाही. ही भुकटी मीठ धरून ठेवते आणि नवा रंग आतून उठवते. मग साबणाने धुवून, वाळवून, दोन फडकी घ्या: पहिल्याने ग्रीस रिमूव्हर लावायचा, दुसऱ्या कोरड्याने लगेच पुसायचा. तसाच वाळू दिलात तर विरघळलेला तेलकटपणा परत तिथेच बसतो. नंतर उघड्या हाताने चाक धरू नका.

ओरखड्याचा खळगा भरायचा असेल तर ॲल्युमिनियमची पूड घातलेली इपॉक्सी पुटी थेट धातूवर, १२० ने खरवडलेल्या जागी. एच (इंग्रजी etch, आम्ल असलेल्या) प्रायमरच्या वर साधी पॉलिस्टर पुटी कधीही नको, प्रायमरमधल्या आम्लाने ती नीट सुकत नाही. टायरचा ओठ बसतो त्या भागात पुटी कुठलीच नको.

साफ केल्यावर चार तासांच्या आत प्रायमर. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच चढायला लागतो आणि किनाऱ्यावरच्या हवेत मीठही. इपॉक्सी प्रायमर दोन पातळ हात. वाळल्यावर ६०० च्या ओल्या पेपरने हलका हात. मग रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येकात १० मिनिटं. पहिला हात असा मारा की खालचा प्रायमर अर्धवट दिसत राहील. पहिल्याच फेरीत झाकायला गेलात तर स्पोकच्या मुळाशी ओघळ येतो. शेवटी टूके (2K, हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या) क्लिअरचे दोन हात. स्प्रे कॅन ४०० मिलीचे धरले तर चार चाकांना प्रायमर दोन, रंग तीन, क्लिअर दोन ते तीन. टूकेच्या कॅनला तळाशी खटका असतो. तो दाबला की आतला हार्डनर मिसळतो. त्यानंतर दोन मिनिटं नीट हलवा. एक-दोन दिवसांत तो कॅन आतच घट्ट होतो, म्हणून चारही चाकं रंगवून तयार असतील तेव्हाच खटका दाबा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, रासायनिक वाफेची काडतुसं लावलेला मास्कच हवा.

कॅनवर टूके लिहिलेलं नसेल तर ते साधं क्लिअर. ब्रेक क्लीनरचा किंवा पेट्रोलचा शिंतोडा पडला की ते मऊ पडून निघतं.

आणि पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय हे काम काढू नका. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि क्लिअर दुधट होतं. कोकणात दिवाळीनंतर, सकाळी ११ ते ३ मध्ये काम उरका.

बफवाला

दोघांचंही पटलं. तरी ज्यांना पॉलिशच हवंय त्यांच्यासाठी ग्राइंडरबद्दल लिहितो, कारण चाकं खराब होतात ती बहुतेक तिथेच.

साधं ४ इंची ग्राइंडर ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतं. त्यावर कापडी बफ लावलंत तर बफ जळतो आणि धातू जागीच इतका तापतो की साबण (बफला लावायची पॉलिशची वडी) करपून काळे पट्टे उमटतात. बहुतेक बफना तो वेग झेपतही नाही, बफवर लिहिलेला आरपीएम बघा. ड्रिल २,५०० ते ३,००० वर चालवा, ते पुरेसं आहे.

बफ दोन लागतात. पहिला कडक, सिसलचा (घायपाताच्या धाग्यांचा) किंवा शिवलेल्या कापडाचा, त्यावर तपकिरी ट्रिपोली साबण. दुसरा मऊ सुटा सुती, त्यावर पांढरा साबण. एकाच बफवर दोन साबण कधी नाही. तपकिरीचे खडे पांढऱ्यात आले की चमक येतच नाही. साबण फिरत्या बफला फक्त दोन सेकंद टेकवायचा. जास्त लावला की चाकावर काळा चिकट लगदा पसरतो. तो पॉलिशने पुसत बसू नका, मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर शिंपडून मऊ फडक्याने पुसा, स्वच्छ निघतो. बफ काळा, कडक झाला की जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या दातांनी फिरत असतानाच खरवडायचा, चष्मा लावून.

बफ नेहमी कडेवरून बाहेर जाईल असा धरा, कडेच्या आत शिरेल असा नाही. आत शिरला की अडकतो आणि ड्रिल मनगट पिळतं. चाक गोणपाटावर आडवं ठेवून गुडघ्यांत धरण्यापेक्षा जुन्या टायरवर ठेवा, हलत नाही.

काही व्हिडिओंत गाडी जॅकवर घेऊन गिअरमध्ये चाक फिरवत पॉलिश करतात. हे करू नका. एक पुढचं चाक जमिनीवर असेल तर डिफरन्शियलमुळे वर उचललेलं चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि जॅकवरून गाडी घसरली तर हात थेट स्पोकमध्ये.

ओतीव चाकात पॉलिश करताना टोकाला शेपूट असलेले बारीक खड्डे दिसू लागले की थांबा. ते ओतकामातले हवेचे छिद्र आहेत. वरचं घट्ट कातडं निघालं की ते उघडे पडतात. जितकं घासाल तितके नवे उघडतील. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) चाकाला जशी खोल चमक येते तशी ओतीवला येणार नाही, हे आधीच मान्य करून बसा.

हाताने पॉलिश करताना फडकं काळं पडतच राहतं, त्याची चिंता नको. ती घाण नाही, धातूच आहे. काळं येणं थांबायची वाट बघत बसलात तर संपणारच नाही. चाकात आपल्या डोक्याच्या केसाची रेघ स्पष्ट दिसली की पुसून टाका.

मिऱ्याबंदर

धन्यवाद. थिनरवाला यांचं पटतंय, दर महिन्याला पॉलिश होणार नाही माझ्याच्याने. पण काळ्या खाचा आणि चंदेरी तोंड हा दोन रंगांचा देखावा राखता येईल का? आणि टायर न उतरवता रंगवायचं झालं तर?

कानस_आणि_खडू

दोन रंग जमतील. आधी सगळ्या चाकाला प्रायमर आणि काळा, तो दोन दिवस वाळू द्या. मग ६०० चा पेपर सपाट ठोकळ्याला लावून फक्त तोंडाचा वरचा भाग घासा. प्रायमर दिसू लागला की पुरे, धातू उघडा पाडायची गरज नाही. ठोकळा खाचेत उतरत नाही, त्यामुळे काळ्याची सीमा आपोआप सरळ येते. बोटाने घासलंत तर कड गोल होते आणि सीमा लांबून वाकडी दिसते. मग खाचांना बारीक मास्किंग टेप आणि तोंडावर चंदेरी. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, मागे दुमडून ओढा. क्लिअर दोन्हींवर एकत्र, म्हणजे सीमेवर क्लिअर तुटत नाही आणि मिठाला शिरायला फट राहत नाही.

टायर न उतरवता: हवा काढून टायरचा ओठ थोडा दाबून घ्या आणि रिम व टायरच्या फटीत जुने पत्ते एकावर एक चढवून गोल खोचा. एका चाकाला पूर्ण कॅट पुरतो. ओरखडे कडेलाच आहेत, तर तिथे पेपर ओठाखालपर्यंत पोहोचणार नाही आणि धागे तिथूनच पुन्हा सुरू होतील. तुमच्या केसमध्ये टायर उतरवाच.

लेथवाला

डायमंड कट तसाच परत हवा असेल तर तो घरी होत नाही, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवरच होतो. मुंबई-पुण्यात करून मिळतो. दर वेळी तोंडाचा थर कापला जातो, म्हणून एकाच चाकाला दोन-तीनदापेक्षा जास्त करू नये. आणि क्लिअर पुन्हा तेवढंच पातळ असणार, किनाऱ्यावर धागे परत येतील.

रंग पक्का करायला भट्टीत किंवा हीट गनखाली चाक भाजायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओतीव चाकाला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेलं असतं. शेवटचा टप्पा साधारण १५०-१६० अंशांचा असतो. त्याच्या बरंच वर खूप वेळ तापवलं की ती मजबुती उतरते आणि बाहेरून काही कळत नाही. जुना रंग जाळून काढणारी भट्टी चाकासाठी तर मुळीच नाही. वाकलेलं चाक तापवून ठोकणं, तडा वेल्ड करणं हे प्रकारही नकोत. शंका असेल तर क्लिअर काढलेल्या अवस्थेतच डाय पेनिट्रंट मारून बघा: लाल द्रव १० मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर लाल रेघ उमटते. हे रंगवण्याआधी, स्पोकच्या मुळाशी आणि मागच्या बाजूने.

थिनरवाला

तडा तपासायच्या मुद्द्याला +१. माझ्याकडून एक राहिलं.

नट बसतात त्या तिरक्या जागा आणि हबला टेकणारं मागचं सपाट तोंड, इथे रंग अजिबात नको. प्रायमर मारण्याआधी नटाच्या भोकांत योग्य मापाचे जुने नट किंवा कागदाचे बोळे घाला आणि मागच्या तोंडावर टेप लावा. तिथे रंग राहिला की नट घट्ट बसल्यासारखे वाटतात. पुढे रंग दबून चुरतो, ताण उतरतो आणि नट ढिले पडतात. व्हॉल्व्हच्या भोकातही जाड थर नको, तिथून हवा बारीक निघत राहते.

हबवरचा गंज ब्रशने काढून चाक चढवा. मधल्या भोकाला अँटिसीझचा (धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायची पेस्ट) पातळ हात चालेल, नटाच्या तिरक्या जागेला आणि आट्यांना काही लावू नका, टॉर्क (आवळण्याचा जोर) चुकतो. नट ताऱ्याच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळा, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला, टॉर्कच्या पान्याने. ५० ते १०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा त्याच आकड्याला तपासा.

बॅलन्सिंगला टायरवाल्याला चिकटवायची वजनं सांगा. कडेला ठोकायची लोखंडी क्लिप नवा रंग फोडते, आणि लोखंड व ॲल्युमिनियम मिठाच्या ओलीत एकत्र आले की गंज तिथूनच धरतो. पहिला आठवडा वॉशिंग सेंटरला नेऊ नका, क्लिअर अजून पूर्ण पिकलेलं नसतं. नंतरही तिथे चाकांवर आम्लाचा फवारा मारतात का ते विचारा आणि साध्या कार शाम्पूनेच धुवायला सांगा.

मिऱ्याबंदर

पाच नट नाहीत, चारच आहेत या गाडीला. तारा कसा करायचा?

लेथवाला

चारला समोरासमोर: वरचा, मग खालचा, मग डावा, उजवा. पहिल्या फेरीत निम्म्या टॉर्कला, चाक अजून हवेत असताना. दुसरी फेरी गाडी जमिनीवर टेकवून.